कर्नल लॅम्बटन : हिंगणघाटच्या मातीत विसावलेला मोजणीदार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, हा रिवाज सर्वत्र आहे व तो चांगला आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात राहून चरित्र लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप सेवाग्रामकडे व पवनारकडे वळते. पण त्या थोर चरित्रांवर अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्यासारखीने त्यात काय भर घालावी? म्हणून यंदा मी वेगळ्या वाटेने जायचे ठरविले. ज्या गृहस्थांचे नाव शास्त्राच्या जगात मोठ्या आदराने घेतले जाते आणि ज्यांची समाधी आपल्या बोरगाव मेघेहून एस. टी.च्या अंतरावर हिंगणघाटला आहे, अशा कर्नल विल्यम लॅम्बटन यांची ओळख मी भगिनींना करून देणार आहे.

हे गृहस्थ इंग्रज होते व कंपनी सरकारच्या चाकरीत होते, ही गोष्ट आधीच सांगून टाकते. त्यांनी देशासाठी तुरुंगवास भोगला नाही, की समाजसुधारणाही केली नाही. त्यांनी केले ते एकच काम : मोजणे, आणि मोजलेले आकडे दुसऱ्याला दिसतील व उपयोगी पडतील अशा रूपात मांडणे. हे काम वरवर पाहता रूक्ष वाटते. पण त्यांच्या या एका कामाच्या पायावर पुढे किती शास्त्रांच्या इमारती उभ्या राहिल्या, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळ एका साध्या कुटुंबात झाला. घरची श्रीमंती नव्हती, मागे वशिला नव्हता. गावच्या शाळेत मुलाचे गणित उत्तम म्हणून लोकांच्या नजरेत भरले, एवढीच पुंजी. १७८१ साली ते सैन्यात दाखल झाले. अमेरिकेतील युद्धात काही काळ कैदेत राहून मग ते कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांती गेले. तेथे सरकारी बराकींची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. थंडी कडाक्याची, सोबत थोडी, बढतीची आशा जवळजवळ नाही. दुसरा एखादा पत्ते कुटीत बसला असता. यांनी ती दहा-बारा वर्षे गणिताची व खगोलाची पुस्तके वाचण्यात घालविली. शिकवायला कोणी गुरू नव्हता. पुढे जगातील पंडितांनी मान डोलवावी असे ज्ञान या मनुष्याने मिळविले, ते रिकाम्या वेळात आणि एकट्याच्या बळावर.

१७९८ च्या सुमारास ते आपल्या तेहतिसाव्या पलटणीसह हिंदुस्थानात आले. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे गेलेले आणि हुद्दा लहानच. १७९९ साली टिपू सुलतानाशी शेवटचे युद्ध झाले. त्या मोहिमेतील एक गोष्ट सांगतात. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारातून कूच करीत होती. लॅम्बटन यांनी आभाळाकडे पाहिले, तारे ओळखले, आणि आपण स्वतःच्या छावणीकडे न जाता थेट शत्रूच्या गोटाकडे चाललो आहोत, हे वरिष्ठांच्या नजरेस आणून दिले. जनरलसाहेबांना प्रथम ते पटेना. मागून होकायंत्र पाहिले तेव्हा ताऱ्यांचेच खरे ठरले. आकाशातील आकड्यांचा जमिनीवर असा उपयोग होतो.

श्रीरंगपट्टण पडल्यावर लॅम्बटन यांनी सरकारपुढे एक योजना मांडली. मद्रासच्या किनाऱ्यापासून पश्चिमेच्या मलबार किनाऱ्यापर्यंत सारा मुलूख त्रिकोणांच्या जाळ्याने मोजावा, अशी ती योजना होती. तोवरचे नकाशे म्हणजे प्रवाशांचे अंदाज, मुक्कामांची अंतरे आणि ऐकीव माहिती यांची मिसळ असे. मद्रास सरकारातील एका वजनदार सभासदाला हा खर्च वायफळ वाटला. ज्याला श्रीरंगपट्टणास जायचे असेल त्याने पालखीच्या भोयांना सांगावे, ते बरोबर नेऊन पोचवितील. त्यासाठी एवढी मोजणी कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. व्यवहारी माणसाला तो पटण्यासारखाही होता. परंतु वाट माहीत असणे निराळे आणि देशाचे खरे रूप माहीत असणे निराळे. वरिष्ठांपैकी वेलस्ली बंधूंनी पाठिंबा दिला व काम मंजूर झाले.

आता ही मोजणी कशी होती, ते आपल्या भाषेत सांगते. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तेव्हा आधी ठिपके नेमके मांडतो, मग रेषा जोडतो. ठिपके चुकले तर रेषा कितीही सुबक असोत, रांगोळी वाकडीच होणार. लॅम्बटन यांनी देशभर असे ठिपके मांडले. त्यांचे ठिपके म्हणजे टेकड्यांचे माथे, देवळांची शिखरे, किल्ल्यांचे बुरूज. सपाट जागेवर एकच रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची. हिला पायारेषा म्हणावे. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरचा एखादा डोंगरमाथा दुर्बिणीच्या यंत्रातून पाहायचा व कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. तिथवर साखळी ओढीत जावे लागत नाही. मग त्या नव्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभारायचे. असे करीत नदी, दरी, जंगल ओलांडून पुढे जात राहायचे.

पहिली पायारेषा १८०२ च्या १० एप्रिलपासून मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे मोजण्यास सुरुवात झाली. लांबी सुमारे साडेसात मैल. शंभर फुटी पोलादी साखळी, तीही गमतीची : ती मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेल्या सामानातील, तिकडे नाकारली गेली व फिरत फिरत इकडे आली. मद्रासच्या उन्हाळ्यात पोलाद तापते व लांब होते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवीत, वर तंबूची सावली धरीत, उष्णमापक लावून पारा किती आहे ते लिहून घेत व तेवढा फरक हिशेबातून वजा करीत. साखळी चारशे वेळा उचलावी व मांडावी लागली आणि एवढ्या कामाला ५७ दिवस लागले. साडेसात मैलांना सत्तावन्न दिवस! चालणारा माणूस अडीच तासांत ते अंतर कापील. पण पहिल्या ठिपक्याला जो जपला नाही त्याची पुढची सारी मेहनत फुकट, हे कर्नलसाहेब जाणून होते.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र लंडनहून मागविले होते. ते सुमारे अर्ध्या टनाचे. समुद्रात फ्रेंचांनी ते जहाजच पकडले व यंत्र मॉरिशसला नेले. फ्रान्स व इंग्लंड यांचे तेव्हा वैर होते. तरी हे यंत्र तोफ नव्हे, ज्ञानाचे साधन आहे असे ओळखून तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. पुढे १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या उंच शिखरावर ते चढविताना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळून त्याचे मोठे चक्र वाकले. सर्वांनी आशा सोडली. लॅम्बटन यांनी तंबू बंद करून घेतला व जवळजवळ सहा आठवडे ते चक्र केसाकेसाने ओढून पूर्ववत गोल केले. त्यानंतरही त्याच यंत्राने अनेक वर्षे काम दिले. कोणावर चिडचीड नाही, नशिबाला बोल नाही.

काही वर्षांतच मोजणी एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला पोचली, आणि जुन्या नकाशांत दक्षिण हिंदुस्थानची रुंदी सुमारे ४० मैल जास्त दाखविली जात होती, असे निघाले. एवढी भूमी केवळ अंदाजाने जन्मली होती, ती मोजणीने नाहीशी झाली! याचबरोबर कन्याकुमारीजवळून सरळ उत्तरेस जाणारी त्रिकोणांची माळ त्यांनी गुंफण्यास घेतली. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, ती नेमकी किती, हे ठरविण्यासाठी एवढी लांब माळ हवी होती. १८१५ पर्यंत ती बिदरजवळ पोचली. ही मोजणी जवळजवळ दहा अंशांची झाली. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले व फ्रान्सच्या विद्वत्सभेनेही गौरविले. १८१८ पासून या कामाला थोर त्रिकोणमितीय मोजणी, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, असे नाव मिळाले व जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी मदतनीस म्हणून आले.

याच वर्षी कर्नलसाहेबांच्या पथकात डॉ. हेन्री वॉयसे यांची नेमणूक झाली. ते वैद्य होते व भूगर्भशास्त्रज्ञही. मोजणीदारांच्या सोबत फिरताना कोठे कोणता खडक आहे हे त्यांनी टिपून ठेविले आणि हैदराबाद मुलखाचा खडकांचा नकाशा तयार केला. आपल्या देशातील अशा पहिल्या नकाशांत त्याची गणना होते. खडक कोठे आहे हे सांगायचे तर आधी ‘कोठे’ हे पक्के ठरलेले पाहिजे. ते लॅम्बटन यांनी ठरवून दिले होते. एका शास्त्राने आखलेल्या चौकटीत दुसऱ्याने आपले ज्ञान भरायचे, ही रीत आपल्याकडे येथून रुजली असे मला वाटते. पुढे कालवे खणणारे, आगगाडीचे रूळ टाकणारे, जंगले व पिके अभ्यासणारे सारे याच चौकटीवर आपापली माहिती मांडू लागले.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य गेले, व नागपूरचा कारभार इंग्रज रेसिडेंटाच्या हाती आला. मोजणीचा तंबू वऱ्हाड-नागपूरकडे सरकला तो या नंतर. नकाशा जसा शास्त्रज्ञाला उपयोगी तसा तो सारा वसूल करणाऱ्याला व तोफा नेणाऱ्यालाही उपयोगी. लोकांना संशय येई, यात नवल नाही. दुर्बिणीतून घरातल्या बायका दिसतात, आणि त्याही उलट्या, अशी समजूत त्या काळी ठिकठिकाणी पसरली होती. यंत्र उंच जागी मांडले की गावात कुजबूज होई. आज आपल्याला हसू येते. पण ज्यांची मोजणी होते त्यांना ती कशासाठी हे कोणी समजावून सांगितले नाही, तर आणखी काय होणार?

कष्टांचे तर विचारू नये. १८१९ साली कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्ट यांच्या पथकातील सुमारे दीडशे माणसे तापाने आडवी झाली व काही वाटेतच गेली. खलाशी, हमाल, निशाणे धरणारे, पाणी भरणारे, या आपल्या लोकांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. लॅम्बटन यांचे बरेच मदतनीस मद्रासच्या अनाथालयातून मोजणीशाळेत शिकलेले मिश्र वंशाचे मुलगे होते. जोशुआ डी पेनिंग हे त्यांपैकी एक. कर्नलसाहेबांनी त्यांना पोटच्या पोरांसारखे वागविले व तेही शेवटपर्यंत त्यांना धरून राहिले. स्वतः लॅम्बटन यांनी रीतसर लग्न केले नाही. परंतु येथील स्त्रियांपासून त्यांना मुले झाली व ते कुटुंब त्यांच्या छावणीबरोबर हिंडत असे. वीस वर्षे तंबूत संसार करणाऱ्या त्या बाया कशा राहिल्या असतील, मुले कशी वाढविली असतील, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. पृथ्वीच्या मोजमापाच्या ग्रंथांत त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

१८२२ च्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा मुलूख त्रिकोणांनी झाकला गेला. कर्नलसाहेब आता सत्तरीला आले होते, खोकल्याने जर्जर झाले होते. तरीही हैदराबादचा मुक्काम हलवून नागपुरास ठाणे करावे म्हणून ते निघाले. वणा नदीच्या काठी हिंगणघाटला छावणी पडली, आणि जानेवारी १८२३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. हिंगणघाटची ओळख कापसाच्या बाजाराची. त्या कापसाच्या गावी, घरापासून हजारो कोसांवर, त्यांना मूठमाती मिळाली.

काम थांबले नाही. एव्हरेस्ट यांनी ती माळ वऱ्हाडातून उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली व १८४१ साली ती पुरी झाली. लांबी सुमारे दीड हजार मैल. पुढे बंगालचे राधानाथ सिकदार व इतर गणितज्ञांच्या आकडेमोडीतून जगातील सर्वांत उंच शिखर सापडले आणि १८६५ साली त्याला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. पाया घालणाऱ्याच्या नावाने मात्र कोणतेही शिखर नाही. आपल्या घरांतही असेच असते. ओटा कोणी सारवला हे पंगतीला कोण विचारतो?

या मोजणीतून निघालेल्या एका लहानशा विसंगतीची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. एव्हरेस्ट यांच्या मोजणीत दोन ठिकाणांमधील अंतर जमिनीवरून एक निघे व ताऱ्यांवरून किंचित निराळे निघे. फरक पाच विकलांचा, म्हणजे अगदी क्षुल्लक. तो लपविला असता तर कोणाला कळले नसते. पण तो जसाच्या तसा छापला गेला. कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी तो १८५५ साली तपासला. हिमालयाच्या ओढीने ओळंबा ढळतो हे त्यांना ठाऊक होते. पण एवढ्या मोठ्या पर्वताने तो याहून कितीतरी अधिक ढळायला हवा होता. इंग्लंडचे ज्योतिषी एअरी यांनी त्याच वर्षी असे सुचविले की पर्वतांच्या खाली हलक्या खडकांची खोल मुळे असली पाहिजेत. अशा रीतीने न जुळणाऱ्या एका आकड्यातून पृथ्वीच्या पोटाचे नवे शास्त्र उघडले. जे मोजले नाही ते रेखाटू नये, आणि जे मोजले ते गैरसोयीचे असले तरी पुसू नये, ही कर्नलसाहेबांच्या परंपरेची शिकवण होय.

आज मोजणी आकाशातील उपग्रहांवरून होते. आपल्या नागपुरास १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. तेथे उपग्रहाने टिपलेल्या आकड्यांचे रंगीत नकाशे होतात, आणि माती, पाणी, पीक, जंगल अशा निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासकांना ते पुरविले जातात. साधने पालटली, तत्त्व तेच : आधी नेमके मोजा, मग दिसेल असे मांडा.

हे सारे शास्त्रज्ञांचे काम, आपल्याला काय त्याचे, असे कोणी भगिनी म्हणेल. पण असे एक चित्र आपण प्रत्येकीने पाहिले आहे. अंगणवाडीत बाळाचे वजन करून ताई ज्या कागदावर ठिपका देतात तो वाढीचा तक्ता हे आकड्यांचेच चित्र होय. नुसते आठ किलो, साडेआठ किलो ऐकून आईला काही उमगत नाही; ठिपक्यांची रेघ वर चढते आहे की आडवी पडली आहे, हे मात्र अक्षरओळख नसलेल्या आजीलाही क्षणात कळते, आणि आडव्या रेघेवर वेळीच नजर गेली तर लेकराचा जीव वाचतो.

आपला परिसर विद्यालयांचा व दवाखान्यांचा. म्हणून आपल्या दारी पाहण्या करणारे विद्यार्थी नेहमी येतात : घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, मुलांना कोणत्या लशी दिल्या. आपण घाईत असतो, काहीतरी उत्तर देऊन मोकळ्या होतो. माझी एवढीच विनंती आहे की उत्तर नीट द्यावे, कारण आपले उत्तर हा कोणाच्या तरी रांगोळीचा ठिपका असतो. आणि तितक्याच ठामपणे आपण त्यांना सांगावे की पाहणी संपली म्हणजे तिचे चित्र आमच्या मंडळात आणून लावा व आम्हांला समजावून सांगा. पूर्वी मोजणाऱ्याने मोजले व चित्र सरकारने पाहिले. ज्यांना मोजले त्यांना ते पाहावयास मिळाले नाही. हा जुना अन्याय निदान आपल्या गावापुरता तरी आपण दूर करू शकतो. येत्या वर्षी विहिरींच्या पाण्याची पातळी महिन्याच्या महिन्याला मोजून तिचा एक तक्ता मंडळाच्या भिंतीवर लावण्याचे काम दोघी-चौघींनी अंगावर घ्यावे. दोर व खडू एवढेच साहित्य लागेल, मोजण्याची चिकाटी मात्र कर्नल लॅम्बटन यांची हवी.